जो हळू, तो पुढे

प्रिय भिंगरी,

तुझा निरोप तुझ्या बाबाने मला वाचून दाखवला. ‘मी आले तर सगळ्यांचा खोळंबा होईल, तुम्ही जाऊन या.’ वाचून झाल्यावर त्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, बरोबरच आहे पोरीचं, उगाच आग्रह नको. मला मात्र तो शब्द असा झोंबला की हातातला कप तसाच ठेवून मी उठले. खोळंबा म्हणे! आपल्या घरात हा शब्द कोणी कोणाला उद्देशून वापरायचा, याचं तुला काही भान राहिलेलं दिसत नाही. फोनवर झापलं असतं, पण फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी ‘हं’ आणि ‘बरं’ यांच्यापुढे तुझी गाडी सरकत नाही. पत्राचं एक बरं असतं, समोरच्याला मधेच ‘हं’ म्हणता येत नाही. तेव्हा नीट बस आणि वाच.

पहिली बातमी अशी की मी वर जाऊन आले. अगदी शिखरापर्यंत. तुझ्या बाबाने तुला सांगितलं असेल की आत्या पायथ्याच्या पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर बसली होती, तर ते अर्ध्या तासापुरतं खरं आहे. पुढचं तो सांगणार नाही, कारण त्यात त्याची फजिती आहे. आज परत येऊन दोन दिवस झाले, तरी माझी डावी मांडी अशी भरून आली आहे की खुर्चीत बसताना टेबलाचा आधार घ्यावा लागतो. उजवा पाय ठणठणीत आहे, तो डोंगरावर आलाच नव्हता असं वाटावं इतका. त्याचं कारण सांगेन, पण आत्ता नाही.

छातीच्या डॉक्टरचं आधी उरकून टाकते, नाहीतर ते तुला मीठमसाला लावून कळेल. त्याने मला डोंगर बंद केला आहे. जन्मभर कवळ्या घासल्या, त्यांची पूड नाकातोंडात गेली, ती आता छातीत ठाण मांडून बसली आहे आणि हलायचं नाव घेत नाही. लहानपणीचा दमा होताच, त्यात ही भर. त्याने मला फोटो दाखवला, त्यात माझी फुप्फुसं धुक्यात दिवा लावल्यासारखी दिसत होती. जिने जपून, चढ टाळा, आणि डोंगराचं नावही काढू नका, असं म्हणाला. आता या डॉक्टरचे वरचे पुढचे दात मी बनवलेले आहेत. तरुणपणी कुठल्याशा सामन्यात तोंडावर आपटला होता. त्यांचा साचा अजून माझ्या दुकानाच्या फडताळात आहे. म्हणजे माझ्याच दातांनी हा माणूस मला नाही म्हणतो! मी मान डोलावली, औषधं घेतली आणि येताना नवे बूट घेऊन आले.

आता आपल्या नियमाचं. तो तुला पाठ आहे, तू चालायला लागल्यापासून पाळत आली आहेस, पण तो कसा पडला ते तुला माहीत नाही. तुझे आजोबा बंदरात क्रेन चालवायचे. सुट्टी मिळाली की आम्हा तिघा भावंडांना घेऊन त्या डोंगरावर निघायचे, पाठीवर पिशवी, पिशवीत पाव आणि उकडलेली अंडी. मी मधली. दमेकरी. पहिल्यांदा गेलो तेव्हा दादा, म्हणजे तुझा बाबा, पुढे धावला, धाकटा, तुझा काका, त्याच्या मागे, आणि मी चढावर धरायला बांधलेल्या पहिल्याच दोराशी मागे पडले. त्या जंगलात दहा पावलं मागे राहिलं की माणूस गिळलंच जातं, तू पाहिलं आहेस. नुसती पानं, वेली, आणि वरून टपटप. मी एका मुळावर बसून रडत राहिले. आजोबा परत खाली आले, मला उठवलं, सगळ्यांना थांबवलं आणि मला रांगेच्या तोंडाशी उभं केलं. दादाची चरफड झाली. तो म्हणाला, ही पुढे राहिली तर आपण रात्री पोहोचू. त्यावर आजोबा जे बोलले ते मला जसंच्या तसं आठवतं. “जो हळू, तो पुढे. मागे ठेवली तर ती दिसणार नाही, आणि जी दिसत नाही ती राहून जाते.”

बस, तेव्हापासून तोच नियम. सगळ्यात हळू तो पुढे, सगळ्यात चपळ तो शेवटी. पुढच्याला ओलांडायचं नाही, त्याला किती राहिलं असं विचारायचं नाही, तो बसला की सगळ्यांनी बसायचं. आणि वर पोहोचल्यावर थर्मासातला पहिला घोट त्याचा. आजोबा गेले तरी नियम राहिला. म्हणजे बघ, मी जन्मभर त्या डोंगरावर पुढे चालले. शाळेत मला कुठल्या खेळात कोणी घेतलं नाही, लग्नाच्या बाजारात माझा श्वास ऐकून माणसं उठून गेली, पण त्या वाटेवर समुद्र पहिला मला दिसायचा, आणि ‘आला’ असं मी ओरडल्याशिवाय मागे कोणाला तो आला हे कळायचंसुद्धा नाही. तू रांगेची शेपटी होतीस. उड्या मारत यायचीस, कंटाळून मुळांवरून गिरक्या घ्यायचीस, म्हणून तर भिंगरी. लिफ्ट दुरुस्त करायला लागलीस तेव्हाही मला नवल वाटलं नाही, एका मजल्यावर गप्प बसणं तुला जमणारं नव्हतंच.

तर आता मला एक सांग, आणि खरं सांग. इतकी वर्षं तू माझ्या मागे रांगत आलीस. धापा मी टाकायचे आणि थांबायचीस तू. एकदा तरी तुझ्या मनात आलं का की आत्या घरी राहिली असती तर बरं झालं असतं? आलं असेल तर तसं कळव, मी वाईट वाटून घेणार नाही. पण आलं नसेल, तर मग खोळंबा हा शब्द तू कुठून आणलास? तो आपल्या घरातला नाही. इस्पितळातून उचलून आणला असशील, तिथे बरेच जंतू असतात.

मागच्या वेळी तुझ्याकडे आले तेव्हा तू पलंगावर भिंतीकडे तोंड करून होतीस. मी बोलले नाही, तुझ्या आईने खुणेने गप्प केलं. पण तुझ्या खोलीच्या दारामागे मी पाहिलं. नवा कोरा, बनवून आणलेला पाय, वर मोजासुद्धा चढवलेला, आणि कुठे, तर छत्रीशेजारी. जाताना मी चुकून त्यालाच हात लावला, छत्री म्हणून. मग तुझ्या आईने जिन्यात सांगितलं की तू पाय बसवून देणाऱ्यांकडची तारीख रद्द केलीस, बोचतो म्हणून. पुढची तारीख दिली तर तीही नको म्हणालीस. ज्या इमारतीची लिफ्ट तू स्वतः दोनदा दुरुस्त केलीस, त्या इमारतीत तू तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरत नाहीस. मला इतका राग आला की बस चुकली.

बोचतो! अगं, बोचणारच. माझा धंद्यातला सगळा जन्म या बोचण्यावर गेला. नवी कवळी घेऊन माणूस घरी जातो आणि आठवड्यात परत येतो, कवळी रुमालात बांधून. म्हणतो, बोचते, घासून द्या. मी विचारते, कुठे बोचते? तो गालावर बोट ठेवतो, इथे कुठेतरी. मी म्हणते, घरी जा, कालपासून ती काढून ठेवली आहेस, तुझ्या हिरडीला आता काही आठवत नाही. रात्रभर घालून ठेव, सकाळी घालूनच ये, मग जिथे लाल झालं असेल तिथे मी घासेन. ड्रॉवरमध्ये ठेवलेली कवळी जगातला कुठलाही कारागीर नीट बसवू शकत नाही, कारण ती कुठे बोचते हे कोणालाच कळत नाही. एक गाणं शिकवणाऱ्या बाई होत्या, त्यांनी मला दुकानात सगळ्यांसमोर शिव्या घातल्या होत्या, दातच नसल्यामुळे त्या फार स्पष्ट आल्या नाहीत एवढंच. घालून या म्हटल्यावर रडल्या. मग आल्या घालून, तोंड सुजलेलं, डोळे लाल. मी घासलं, त्या पुन्हा घालून गेल्या, पुन्हा आल्या. असं कितीदा तरी झालं. आता रस्त्यात भेटल्या की लांबूनच हसतात, सगळे दात दाखवून. तुला वाटेल आत्या हिरड्या आणि पाय एका मापाने मोजते. मोजते. मला दुसरं माप येत नाही.

आता डोंगर. आम्ही आदल्या संध्याकाळी समुद्राकाठच्या त्याच मुक्कामघरात उतरलो, ओलसर चादरी, भिंतीवर त्याच बोटीचं चित्र. तुझा बाबा, तुझी आई, तुझा काका आणि मी. दादाने सगळं ठरवून टाकलं होतं. तुला त्याची सवय माहीत आहे, आयुष्यभर दुसऱ्यांना गाडी शिकवली, त्याच्या बाजूला स्वतःचा वेगळा ब्रेक असतो, शिकणारा चुकायच्या आधी हा दाबतो. तुझ्या अपघातानंतर तर त्याचा पाय त्या ब्रेकवरून उठतच नाही. सोफ्यावर बसून टीव्ही बघताना पडद्यावरची गाडी वळली तरी त्याचा पाय जमिनीत रुततो. त्याला तुझी काळजी आहे, माझीही आहे, हे मला कळतं. पण काळजी करणाऱ्या माणसाला आपण कोणाच्या गाडीत बसलो आहोत याचा विसर पडतो. तो म्हणाला, तू टाकीपर्यंत ये, बाकावर बस, आम्ही वर जाऊन फोटो काढून आणतो. मला थर्मास दिला, वर्तमानपत्र दिलं, एक छत्री दिली. लहान मुलाला न्हाव्याच्या दुकानात बसवतात तसं मला बसवलं आणि तिघं झाडीत शिरले. पुढे दादा, ताठ मानेने. जन्मात पहिल्यांदा तो पुढे होता.

मी बसले. त्यांचे आवाज ऐकत राहिले, काकाचं खोकणं, तुझ्या आईचं ‘जपून, जपून’. आवाज पानांत मिटले. मग मी वर्तमानपत्राची घडी घालून बाकावर ठेवली, त्यावर दगड ठेवला, म्हणजे कोणाला वाटू नये की आत्या घाबरून कुठे पळाली, आणि निघाले.

काय सांगू तुला, सगळं तसंच आहे. टाकीच्या मागे सिमेंटची पायवाट संपते आणि मुळांचा जिना सुरू होतो. शेवाळ असं की बोट ठेवलं तर पाणी वर येतं. नेच्यांची पानं तोंडावर फटके मारतात. त्या जंगलात पाऊस नसला तरी झाडं आपापला पाऊस ठेवून असतात, वारा आला की सोडतात. पहिल्या दोराशी मी थांबले, जिथून आजोबांनी मला उठवलं होतं त्याच मुळावर बसले, आणि माझी ती चालायची रीत सुरू केली, चार पावलं, एक श्वास, जमत नसेल तर दोन पावलं, एक श्वास. लाजायचं कोणाला? मागे कोणी नव्हतं, पुढे कोणी नव्हतं. जळवांनी मात्र चांगलं आदरातिथ्य केलं.

मग तो ओढा आला. तुला आठवत असेल, आडवं पडलेलं मोठं झाड, आणि त्याच्या अलीकडे दोन वाटा. डावी रुंद, छान वर चढत जाणारी. उजवी झुडपातून, आणि ती खाली उतरते. खरी वाट ती. आधी ओढ्यात उतरायचं, पलीकडे जायचं, मग चढ. डावी वाट पाण्याने खणलेली आहे, वर जाऊन काळ्या कड्याला डोकं आपटते आणि संपते. मला ती खालची वाट नेहमीच आवडायची, तेवढाच उतार, तेवढाच दम. तर मी तिथे पोहोचते आणि बघते काय, चिखलात बुटांचे ताजे ठसे. दादाचे मोठे, काकाचे फताडे, तुझ्या आईचे नाजूक. तिन्ही डावीकडे.

मी हसले की काय विचारतेस! झाडाला धरून हसले, खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी हसले. आयुष्यभर या डोंगरावर आलेली माणसं, आणि एकालाही वाट माहीत नाही. आणि माहीत कशी असेल? कोणी कधी पुढे चाललंच नाही! ती जन्मभर माझ्या पाठीमागे चालली. दादाने ती वाट कधी निवडलीच नव्हती, मी वळले की तो वळायचा. मी हाका मारायचा प्रयत्न केला, पण माझी हाक ओढ्याच्या आवाजापुढे कुठे पुरणार. शेवटी गळ्यातला नारिंगी स्कार्फ काढून उजव्या वाटेवरच्या फांदीला बांधला, ठसठशीत गाठ मारून. कड्यापर्यंत जातील, टक्कर खातील, परत येतील आणि हा बघतील. मग मी ओढ्यात उतरले.

ओढ्यापलीकडचा चढ मला आवडत नाही असं मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. आवडत नाही. तो उभा आहे, दोराचे दोन टप्पे आहेत, आणि माती पायाखालून निसटते. मधल्या एका ठिकाणी मला वाटलं की झालं, इथेच बसावं. श्वास येत होता तो वरवरचा, ओठांपर्यंतचा. हात दोरावर, गाल ओल्या खडकावर, आणि मला भीती वाटली. तुझ्यापासून कशाला लपवू, चांगली भीती वाटली. डॉक्टरचे ते माझे दात डोळ्यांसमोर आले. मग मला तुझ्या खोलीचं दार आठवलं आणि त्या दारामागची छत्री. मी स्वतःलाच मोठ्याने म्हटलं, “खोळंबा झाला तर होऊ दे.” आणि थांबले. खूप वेळ थांबले. श्वास आपला आपण परत आला, ज्याला कोणी हाकललं नव्हतं असा. मग पाय उचलला.

वरच्या सोंडेवर झाडं बुटकी होतात, वाऱ्याने वाकलेली, आणि माती संपून खडक लागतो. ढग होते. शिखरावर मोजणीवाल्यांनी रोवलेल्या दगडापाशी मी पोहोचले तेव्हा काहीच दिसत नव्हतं, पांढरं नुसतं. मी दगडाला पाठ लावून बसले, अंडं सोललं. आणि मग खालून वारा आला आणि ते सगळं उचललं गेलं. पायाखाली समुद्र! इतका सरळ खाली की बूट निसटला तर बोटीत पडेल असं वाटावं. लांब बंदराच्या क्रेन, काड्यापेटीतल्या काड्यांएवढ्या. मी सवयीने ओरडले, ‘आला!’ मागे कोणी नव्हतं. ऐकायला कोणी नसताना ते ओरडणं अगदीच फिकं लागतं गं. मला त्या क्षणी तुम्ही सगळे हवे होतात. शेपटीला तू हवी होतीस.

ती मंडळी बऱ्याच वेळाने आली. चिखलाने लडबडलेली, काकाची पँट गुडघ्यावर फाटलेली, तुझ्या आईच्या केसांत वेल अडकलेली. आणि सगळ्यांत पुढे दादा, हातात माझा स्कार्फ. चेहरा पांढराफटक. त्याने मला बाकावर सोडलं होतं आणि मी त्याला शिखरावर भेटत होते, थर्मासाचं झाकण उघडून. आधी तो ओरडला. तुला काही झालं असतं म्हणजे, कोणाला कळलं असतं, वय काय, छाती काय. मी ओरडू दिलं. मग तो माझ्या शेजारी खडकावर बसला. समुद्राकडे बघत म्हणाला, “मला वाट कधी दिसलीच नाही. मला नुसत्या तुझ्या टाचा दिसायच्या.” आणि मग तो रडला, भिंगरी. तुझा बाबा. इस्पितळात रडला नव्हता, तुला घरी आणलं तेव्हा रडला नव्हता, तो तिथे स्कार्फात तोंड घालून रडला. म्हणाला, तिला पुढे कसं घालू, मला भीती वाटते. मी त्याला म्हटलं, तुला पुढे कोण घालायला सांगतंय, तू फक्त मागे चाल, तेवढंच तुला येतं. त्यावर तुझ्या आईला हसू फुटलं, आणि मग सगळ्यांनाच.

पहिला घोट मी घेतला. उतरताना कोणी काही ठरवलं नाही. मी स्कार्फ गळ्यात घातला, उठले, आणि वळून बघते तर तिघं खडकाला टेकून उभे, वाट सोडून, मी पुढे व्हायची वाट बघत. काका किती राहिलं असं विचारणार होता, तुझ्या आईने त्याला चिमटा काढला. अंधार पडता पडता टाकीपाशी आलो. वर्तमानपत्र भिजून लगदा झालं होतं, दगड जागेवर होता.

आता डाव्या मांडीचं सांगते, कारण हे पत्र त्यासाठी लिहिते आहे. मी डॉक्टरला न जुमानता गेले ती समुद्र बघायला नाही, तो मी पुष्कळ पाहिला आहे. तुझ्या पायाच्या कागदांबरोबर ज्या सूचना आल्या होत्या, त्या तू वाचल्या नाहीस, मी वाचल्या. चढताना चांगला पाय आधी, नवा पाय मागून. तुझा डावा चांगला. म्हणून मी तो सगळा डोंगर डाव्या पायाने चढले. प्रत्येक मूळ, प्रत्येक दगड, आधी डावा, मग उजवा नुसता शेजारी आणून ठेवायचा. एकदाही उजवा पुढे टाकला नाही, त्या वाईट चढावरसुद्धा नाही. होतं तसं, भिंगरी. हळू होतं, फार हळू होतं, पण होतं, आणि तेसुद्धा अर्ध्या छातीच्या म्हातारीकडून. दोर कुठे कोणत्या हाताला आहे, ओढ्यात कोणता दगड हलतो, बसायचं कुठे, मी सगळं बघून ठेवलं आहे, पण ते लिहून देणार नाही. ती वाट पुढे चालणाऱ्यालाच कळते, हे आता सिद्ध झालं आहे. आणि माझी छाती सुधारणार नाही, डॉक्टरने तेही सांगितलं, ते मी दादाला अजून सांगितलेलं नाही. आणखी एकदा जमेल, दोनदा कदाचित. तेवढ्यात ती कोणाला तरी दाखवायला हवी, नाहीतर हे घर जन्मभर काळ्या कड्याला डोकं आपटत बसेल. तेव्हा तो पाय छत्रीशेजारून काढ आणि घाल. बोचेल. बोचू दे, आणि तो घालूनच त्या माणसांकडे जा, म्हणजे कुठे घासायचं ते त्यांना दिसेल. आधी जिना, मग रस्ता, मग टाकीपर्यंतची सिमेंटची वाट. वर्ष लागलं तरी चालेल, मी तेवढा श्वास पुरवून ठेवते. दादाला मी सांगून टाकलं आहे की पुढच्या वेळी मी पुढे चालणार नाही, मी दुसरी. माझ्यापेक्षा हळू आता घरात कोणी तरी आहे. सगळ्यांचा खोळंबा होईल म्हणालीस ना? होऊ दे. आपल्या घरात तो मान असतो, इतकी वर्षं माझा होता, आता तुझा आहे.

तुझीच, आणि मागून मुळीच घाई न करणारी,
आत्या